तरवा: माँट्रियल रॉयल्सची हकिगत

मंडळी, कोकणात भाताचा तरवा, म्हणजे रोपं, आधी राबात दाट वाढवतात आणि तीनेक आठवड्यांनी उपटून खाचरात लावतात. राबाच्या वाट्याला दाणा येत नाही. अमेरिकी बेसबॉलमधल्या मायनर लीगचं, म्हणजे सर्वांत वरच्या मेजर लीगसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या स्पर्धांचं, गणित हेच. तिथे अशा संघाला ‘फार्म क्लब’च म्हणतात. आज ज्याच्याबद्दल बोलायचं तो कॅनडातला माँट्रियल रॉयल्स हा त्यातला सगळ्यांत कसदार राब होता.

1897 ते 1917 या काळात या नावाचा संघ होता, मग खंड पडला. 1928 मध्ये ओंटारिओ आणि डेलोरिमिये रस्त्यांच्या कोपऱ्यावर नवं मैदान उभं राहिलं आणि रॉयल्स इंटरनॅशनल लीग या मायनर लीगमध्ये परतले. 1939 पासून ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स या मेजर लीग संघाच्या पंखाखाली आले. मायनर लीगची उतरंड खाली ‘डी’पासून सुरू व्हायची आणि 1946 पासून तिच्या डोक्यावर ‘ट्रिपल-ए’ आलं. माँट्रियल त्या वरच्या पायरीवर होतं. ब्रुकलिनमध्ये कुणी दुखावला की रात्रीच्या आगगाडीने इथला खेळाडू तिकडे. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच अडणार आहे.

डॉजर्सचे प्रमुख ब्रांच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सनशी केलेला करार 23 ऑक्टोबर 1945 रोजी जाहीर झाला, तोही माँट्रियलमध्ये. मेजर लीगमध्ये तेव्हा काळ्या खेळाडूंना दार बंद होतं. रॉबिन्सन काळे होते, म्हणून त्यांना थेट ब्रुकलिनमध्ये न उतरवता आधी कॅनडात खेळवायचं, हा हिशोब होता. पण सराव शिबिर फ्लोरिडात होतं. जॅक्सनव्हिलला सामन्याच्या दिवशी मैदानाला कुलूप होतं. त्यात खांदा दुखावला. बेसबॉलमध्ये तीन बेस ओळीने गाठून होम प्लेटला, म्हणजे घरी, परतलं की एक धाव. रॉबिन्सन मूळचे शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. तिथून पहिल्या बेसपर्यंत लांब, जोरकस फेक लागते. म्हणून त्यांना दुसऱ्या बेसवर आणलं. तिथून फेक आखूड पडते.

18 एप्रिल 1946, जर्सी सिटी. रॉबिन्सन यांचा रॉयल्सकडून पहिला सामना. पहिल्या वेळी साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचा फटका, मारून बाद. दुसऱ्या वेळी बेसवर दोन साथीदार असताना होम रन, म्हणजे सगळ्यांना थेट घरी आणणारा फटका, तीन धावा. पण त्या दिवसाचं खरं सौंदर्य पुढे आहे. त्यांनी बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवून जवळच टाकला आणि पहिला बेस गाठला. मग दुसरा बेस चोरला, म्हणजे फटका नसतानाच धावून गाठला, आणि साथीदाराच्या ग्राउंडरवर तिसरा गाठला. तिथून ते घराकडे झेपावायचे आणि मागे यायचे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गोंधळला आणि सुरू केलेली फेक त्याने मध्येच तोडली. याला ‘बॉक’ म्हणतात. त्याची शिक्षा म्हणजे बेसवरचा प्रत्येक खेळाडू एक बेस पुढे. तिसऱ्यावरचा पुढे गेला की धाव! पाच वेळा फलंदाजी, चार हिट (बेस मिळवून देणारे फटके), चार धावा आणि रॉयल्स 14–1 ने विजयी.

हंगामअखेर फलंदाजीच्या 444 संधींत 155 हिट, सरासरी .349, 40 बेस चोरलेले. संघाचे 100 विजय, 54 पराभव. ‘लिटल वर्ल्ड सिरीज’ या मायनर लीगच्या अंतिम मालिकेत लुईव्हिलच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि रॉयल्स 1–2 ने मागे पडले. घरी आल्यावर माँट्रियलच्या लोकांनी लुईव्हिलच्या प्रत्येक खेळाडूला तसंच वागवलं. रॉयल्सने पुढचे तिन्ही सामने जिंकले. पुढच्या एप्रिलमध्ये रॉबिन्सन ब्रुकलिनमध्ये होते. मग 1947 मध्ये रॉय कॅम्पानेला आणि 1948 मध्ये डॉन न्यूकम इथे खेळून तिकडे गेले. राब रिकामा, पुन्हा पेरणी.

एकदा मात्र तरवा शेजाऱ्यानेच उचलला. 1954 मध्ये डॉजर्सने रॉबर्टो क्लेमेंटे या तरुण खेळाडूला 10,000 डॉलर बोनस देऊन घेतलं. नियम असा की 4,000 च्या वर बोनस दिला तर खेळाडूला मेजर संघात ठेवा, नाहीतर हंगामानंतरच्या निवडीत तो कुणालाही घेता येईल. डॉजर्सने धोका पत्करून त्याला माँट्रियलला धाडलं. 87 सामने, पण संधी 148 च, म्हणजे सामन्यामागे दोनसुद्धा नाहीत. इतरांच्या नजरेत भरू नये म्हणून लपवलं, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. हंगामाच्या उत्तरार्धात तो डावखुऱ्या पिचरविरुद्ध सुरुवातीपासून खेळत होता. लपवायचंच असतं तर तेही झालं नसतं. काही असो, मेजर लीगमध्ये तळाला असलेल्या पिट्सबर्ग संघाला पहिली निवड मिळाली आणि 4,000 डॉलरमध्ये क्लेमेंटे गेला.

1958 मध्ये डॉजर्स लॉस एंजेलिसला गेले. आता मालक खंडाच्या दुसऱ्या टोकाला आणि माँट्रियल चार हजार किलोमीटरवर. दुखापत झाली तर बदली खेळाडू आणायचा कसा? पश्चिमेकडे स्पोकेनला डॉजर्सचा ट्रिपल-ए संघ झाला होता. माँट्रियलला गर्दीही आटत गेली. संघ कंगाल नव्हता हो, गैरसोयीचा झाला होता. 1960 चा हंगाम शेवटचा ठरला. लीगमधली जागा न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला गेली आणि रॉयल्स हे नाव पुसलं गेलं. माँट्रियलला मेजर लीगचा स्वतःचा संघ, एक्सपोज, 1969 मध्ये मिळाला. डेलोरिमियेचं मैदान पाडलं गेलं. उजव्या कडेचं कुंपण होम प्लेटपासून जेमतेम 293 फुटांवर होतं, त्या जागेवर आता शाळा आहे.