झीज नव्हे, टवका

दाढीचं ब्लेड बोथट झालं की आपण सर्रास म्हणतो, ‘झिजलं’. या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, आणि तुम्ही एवढे जण ऐकायला बसला आहात तर ते आज काढतोच. ब्लेड किती टिकतं आणि धार का जाते, हा ठरलेला विषय. त्याकडे येतो, पण आधी आजोबांच्या पेल्याबद्दल सांगू द्या.

आजोबांकडे जाड काचेचा एक पेला होता. पाणी प्यायचा नव्हे, ब्लेडचा. दाढी झाली की ब्लेड काढून पेल्याच्या आतल्या गोलाईला लावायचं आणि दोन बोटांनी दाबून सावकाश पुढेमागे फिरवायचं. दहा वेळा एक बाजू, दहा वेळा दुसरी. किर्र किर्र असा बारीक आवाज यायचा, तो अजून कानात आहे. मग तेलाचं बोट फिरवून ब्लेड कागदात. एकदा मी विचारलं, “आजोबा, काचेने धार लागते?” ते म्हणाले, “धार लागत नाही रे, ओळीत येते.”

बरोबर होतं त्यांचं. पात्याची कड इतकी पातळ असते की ती जागोजागी कलते, आणि काचेवर थोडीफार सरळ होते. उडालेला तुकडा मात्र काच परत आणून देत नाही. तेल का, तर तेव्हाची पाती साध्या कार्बन पोलादाची, रात्रभरात गंज धरणारी. १९६२ मध्ये विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं आणि पुढे सगळ्यांनाच त्या वाटेने जावं लागलं.

मुळात एवढं पातळ पोलाद कडक करता येईल यावरच जाणकारांचा विश्वास नव्हता. वापरून फेकायच्या ब्लेडचा रेझर काढणाऱ्या किंग जिलेटला ते जमवून दिलं विल्यम निकरसन या इंजिनिअरने. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, रेझर खपले ५१ आणि ब्लेडं १६८! हा निकरसन अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेला. का सांगतोय, ते आता कळेल.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. तेव्हा मुद्द्याचं भराभर सांगतो.

केस पोलादापेक्षा साधारण ५० पट मऊ. मग मऊ वस्तू कठीण वस्तूची धार कशी घालवते? त्याच एमआयटीत जॅनलुका रोशोली या संशोधकाने स्वतःची दाढी केली आणि प्रत्येक वेळी ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. २०२० मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात निबंध आला. कड गुळगुळीत होऊन घासली गेली असेल अशी अपेक्षा. दिसले ते टवके! नंतर त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापायचं छोटं यंत्र बसवलं. केस पात्याला काटकोनात आला तर कड शाबूत राहते. तो वाकून तिरका झाला की जोर कडेच्या एका बाजूला जातो. त्यातून पोलाद आतून एकसारखं नसतं. कणाकणाने कुठे कडक, कुठे मऊ. अशा सांध्यावर, नेमकं केसाच्या काठाशी, ताण एकवटला की चीर जाते आणि टवका उडतो. तीन गोष्टी जुळाव्या लागतात, पण एका दाढीत हजारो केस कापले जातात. कुठे ना कुठे जुळतातच. म्हणून मी ‘झिजलं’ म्हणू देत नाही.

किती टिकतं? त्वचारोगतज्ज्ञांची अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ५ ते ७ दाढ्यांनंतर बदला म्हणते. मी दिवस मोजत नाही. केस कापला न जाता ओढला गेला की ब्लेड टाकतो. कोरडा केस चिवट असतो, भिजला की कापायला बराच कमी जोर लागतो. म्हणून दोन-तीन मिनिटं कोमट पाणी, मग साबण. घाईत कोरड्या गालावर रेझर फिरवू नका, कळकळीने सांगतो.

मागून टॉवेलचं विचारताहेत. नको, टॉवेलवर कड घासू नका. पाण्याखाली धुवा, झटका आणि हवेशीर जागी उभं ठेवा.