चेहऱ्यांसाठी दुप्पट जागा

[दवाखान्यातली बसायची खोली. मोबाइलमध्ये माना घातलेली माणसं.]

एक लहान मुलगी एकेकाच्या पुढ्यात जाऊन उभी राहते. वाकून चेहरा बघते. डोळ्यांना डोळे भिडवून नाव विचारते. नाव कळलं की पुढच्याकडे. हिच्या लेखी परकं असं कुणी नाहीच.

[टेबलावर रंगीत ठोकळे, शेजारी एक नमुनाचित्र.]

आता तिला चित्राबरहुकूम ठोकळे मांडायचेत. चारच ठोकळे आहेत, पण काही केल्या जमत नाही.

या मुलीला विल्यम्स सिंड्रोम आहे. न्यूझीलंडचे हृदयरोगतज्ज्ञ जे. सी. पी. विल्यम्स यांनी १९६१ मध्ये असे काही रुग्ण एकत्र नोंदवले. महाधमनी हृदयाच्या जरा वर अरुंद झालेली, चेहरेपट्टी एकमेकांशी मिळतीजुळती, बौद्धिक वाढ मागे राहिलेली. कारण सापडायला १९९३ उजाडलं. सातव्या गुणसूत्राच्या दोन प्रतींपैकी एकीतून छोटासा तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यावर पंचवीसच्या आसपास जनुकं असतात. धमन्यांना लवचिक ठेवणाऱ्या इलास्टिनचं जनुक त्यातलंच. बहुतेकदा आईवडिलांमध्ये हा दोष नसतो; बीजपेशी तयार होतानाच तो नव्याने घडतो.

पण धमनीची गोष्ट समजली, तरी चेहऱ्यांची ही ओढ उरतेच.

[मेंदूची खालची बाजू. एक छोटा भाग उजळतो.]

आपल्या मेंदूच्या खालच्या अंगाला, कानाच्या थोडं मागे, एक लांबट वळी आहे. तिच्यातला एक लहानसा पट्टा चेहरा दिसला की जास्त सक्रिय होतो. घर, खुर्ची, झाड दाखवलं तर त्याचा प्रतिसाद कमी. मेंदू-संशोधक नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याला नाव दिलं : फ्युझिफॉर्म फेस एरिया. तो शोधायची रीत साधी आहे. माणसाला एमआरआय यंत्रात झोपवायचं, आधी चेहरे दाखवायचे, मग वस्तू; चेहऱ्यांना जिथे जास्त प्रतिसाद मिळेल तेवढी जागा मोजायची. साधी म्हटलं खरं, पण यंत्राचा खडखडाट कानठळ्या बसवणारा, आणि विल्यम्स असलेल्या अनेकांना मोठे आवाज मुळीच सोसत नाहीत. तशात निश्चल पडून राहणाऱ्यांचं कौतुकच करायला हवं.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये अशी मोजणी प्रसिद्ध केली. विल्यम्स असलेल्यांचा मेंदू एकूणात सरासरीपेक्षा लहान असतो. तरीही त्यांच्यातला हा चेहऱ्यांचा पट्टा इतरांच्या जवळपास दुप्पट भरला.

दुप्पट जागा, म्हणजे चेहरे ओळखण्यात दुप्पट तरबेज? तसं नाही. ओळखण्याच्या चाचणीत त्यांचे गुण चारचौघांइतकेच. बाकी बऱ्याच कामांत मागे पडणाऱ्या मेंदूने इथे बरोबरी राखली, हेही थोडं नव्हे. पण काही अभ्यासकांचा आक्षेप आहे : गुण सारखे आले म्हणून वाटही सारखीच होती, असं कसं धरायचं? अख्खा चेहरा एका नजरेत न पकडता नाक, डोळे, ओठ सुटे सुटे बघूनही तेवढेच गुण मिळू शकतात. मला हा आक्षेप वजनदार वाटतो.

[अमिग्डाला : मेंदूतला बदामाएवढा, धोक्याची चाहूल घेणारा भाग.]

शिवाय चेहरा कुणाचा हे कळणं वेगळं, आणि त्याच्यापासून सावध राहायला हवं हे कळणं वेगळं. रागीट चेहरा दिसला की सहसा अमिग्डाला खडबडून जागा होतो. विल्यम्स असलेल्यांमध्ये हा प्रतिसाद मंद आढळला. भीतिदायक दृश्यांना मात्र उलट जास्त. अशा मुलांचे पालक बाहेर पडताना हात घट्ट धरून का चालतात, ते इथे उमगतं.

मग आधी काय? पट्टा मोठा म्हणून चेहऱ्यांची ओढ, की जन्मभर चेहरेच न्याहाळल्यामुळे पट्टा वाढला? सर्वसाधारण मुलांमध्येही हा पट्टा लहानपणी छोटा असतो आणि मोठं होईपर्यंत पसरत जातो, म्हणजे सवयीला वाव आहे. पण ज्यांच्यात हाच तुकडा गळण्याऐवजी जादा आलेला असतो, अशा मुलांत लोकांची भीड आणि बोलायला उशीर वारंवार दिसतो. तिथे पारडं जनुकांकडे झुकतं. मोठ्यांच्या मेंदूची एकदाच घेतलेली प्रतिमा हा वाद मिटवू शकत नाही. त्यासाठी तीच मुलं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासावी लागतील.

[पुन्हा ते टेबल.]

ठोकळे अजून तसेच पडलेत. मुलगी त्यांच्याकडे बघतही नाही. चाचणी घेणाऱ्या बाईंच्या कपाळावर किंचित आठी पडलीय, आणि ती त्यांच्याकडे बघून हसते आहे.