गाडीचा सातबारा

(दृश्य: माझगावातलं गॅरेज. बॉनेट उघडं. मिस्त्रींचे हात.)

रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी, मग पितळी ब्रश, मग पुन्हा चिंधी. चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पोलादी पट्टीवर रंगाचे थरावर थर. वर काळा, खाली राखाडी, त्याखाली गंजाला अडवणारा लाल. मिस्त्री घाई करत नाहीत. इथं पॉलिशपेपर मारला तर रंगाबरोबर पट्टीवर ठोकलेला नंबरही जाईल.

"मामा, दिसतंय का काही?" गाडीचे मालक वाकून विचारतात.

"'जी' अक्षर दिसतंय. थांबा जरा, पुढचं अजून भरलेलं आहे."

ही गाडी रोल्स-रॉईसच्या 20/25 या मॉडेलची. या मॉडेलचे चेसिस नंबर 'जी' या इंग्रजी अक्षरानं सुरू होतात. 1929 ते 1936 या काळात इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यात अशा 3,827 गाड्या तयार झाल्या. 'जी'च्या पुढची अक्षरं मालिका सांगतात, त्यापुढचा आकडा मालिकेतली नेमकी गाडी. 13 हा आकडा मात्र सापडणार नाही, कंपनी तो नेहमी गाळायची.

(दृश्य: नंबरवर कॅमेरा स्थिर. शेवटचे आकडे पुसट.)

मालकांच्या विनंतीवरून पूर्ण नंबर दाखवलेला नाही. त्यांच्या घरात आजोबांपासून एकच गोष्ट सांगितली जाते, की ही गाडी एका महाराजांची. कोणत्या संस्थानाचे, ते कागदावर कुठंच नाही.

मुंबईत जुनी गाडी रस्त्यावर आली की लोक हेच विचारतात, कोणत्या महाराजांची? स्वातंत्र्यापूर्वी हिंदुस्थानात सुमारे 800 रोल्स-रॉईस आल्या असं मानलं जातं. त्यात संस्थानिक मोठे ग्राहक होते, यात वाद नाही. पण गाड्या मागवणाऱ्यांत मुंबईचे कापूस व्यापारी होते, गिरणीमालक होते, बॅरिस्टर आणि डॉक्टर होते. त्यांनी हौसेनं, पदरचे पैसे मोजून गाड्या आणल्या आणि याच रस्त्यांवर चालवल्या. त्यांची नावं पुसून तिथं राजेरजवाड्यांची नावं चिकटवली जातात, हे आम्हाला खटकतं. ही फिल्म त्यासाठी आहे.

(दृश्य: चेसिसचं जुनं रेखाचित्र, मग गाडीची आजची बॉडी.)

त्या काळी रोल्स-रॉईस पूर्ण गाडी विकत नसे. कारखान्यातून बाहेर पडायचा तो सांगाडा: इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि समोर रेडिएटर. बॉडी बांधायची कोचबिल्डरनं. हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली, विंडोव्हर्स ही त्यांतली नावाजलेली लंडनची घराणी. त्यामुळे एका गाडीचे जन्म दोन, आणि नोंदीही दोन ठिकाणी.

यातली कारखान्याची नोंद आजही शाबूत आहे. तिला चेसिस कार्ड म्हणतात. इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या रोल्स-रॉईस एन्थुझियास्ट्स क्लबकडे ही कार्डं जपलेली आहेत. नंबर कळवला, शुल्क भरलं की मालकाला प्रत मिळते.

(दृश्य: लॅपटॉपवर कार्डाची प्रत. मालकांचा चेहरा.)

हा आहे या गाडीचा सातबारा. गाडी कोणाच्या नावावर गेली, बॉडी कोणी बांधली, चाचणी कधी संपली, हमी कोणत्या तारखेपासून सुरू झाली, सगळं एका ठिकाणी. स्टिअरिंगचा दांडा किती तिरका हवा, पुढचे दिवे कोणते, स्प्रिंग किती वजनाच्या बॉडीसाठी, हेही लिहिलेलं. गाडी नंतर कोणाला विकली गेली आणि तो मालक सर्व्हिसिंगसाठी कंपनीकडे आला, तर त्याचंही नाव फेरफारासारखं खाली चढवलेलं.

आता ही ओळ बघा. गाडी वापरण्याचं ठिकाण: बॉम्बे. आणि ग्राहकाच्या रकान्यात मुंबईतल्या एका कापूस व्यापाऱ्याचं नाव. महाराज नाहीत, संस्थान नाही.

मालक बराच वेळ काही बोलत नाहीत.

हे कार्ड वाचताना एक सावधगिरी ठेवावी लागते. पुष्कळदा ग्राहक म्हणून लंडनच्या विक्रेत्याचं किंवा कोचबिल्डरचंच नाव असतं, खरा घेणारा मागे राहतो. म्हणून नावाशेजारी गाडी कुठं वापरायची आणि कुठं पाठवायची, हे ताडून पाहायचं. कार्डावरचा इंजिन नंबर गाडीतल्या इंजिनाशी जुळवायचा. इथं तो जुळला. इंजिन नंबरातलं अक्षर, आकडा, अक्षर, तिन्ही जागच्या जागी.

जुळली नाही ती बॉडी.

(दृश्य: मिस्त्री दरवाजाची आतली गादी उचकटतात. लाकूड उघडं पडतं.)

कार्ड म्हणतं, बंद सलून, थ्रप अँड मेबर्लीची. समोर उभी आहे ती उघडी, कापडी टपाची टूरर. मिस्त्रींनी दरवाजाचं अस्तर काढलं, लाकडावर नख ओढलं आणि वास घेतला.

"हे साग आहे, साहेब. विलायती बॉडीला साग नसतो."

इंग्रज कोचबिल्डर सांगाड्याला ॲशचं लाकूड वापरत आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकत. दमट हवेत ॲश कुजतं. मग इथले सुतार आपल्या ओळखीचं लाकूड घालायचे, आणि एवढं करायचंच आहे तर मालकाच्या आवडीचा आकारही द्यायचे. म्हणजे ही बॉडी आपल्याकडच्या हातांनी बांधलेली आहे. मागच्या चाकावरून खाली उतरणारी पत्र्याची ही गोलाई बघा. हातोडीनं, वाळूच्या पिशवीवर ठोकून काढलेली. ती कोणी काढली याची नोंद कोणत्याही कार्डावर नाही. आमच्या मते गाडीच्या इतिहासात या कारागिरांची जागा पहिल्या मालकाइतकीच मोठी आहे.

(दृश्य: गोदीच्या भिंतीबाहेरून क्रेन. मग टाऊन हॉलच्या पायऱ्या.)

कार्डावर रवानगीची तारीख असली की शोध मुंबईत उतरतो. गाड्या सुएझमार्गे आगबोटीनं यायच्या. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, 1914 साली सुरू झाला होता. बोट कधी लागली हे त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत रोज छापून यायचं. ती जुनी वर्तमानपत्रं पाहायला इथं यावं लागतं, 1833 साली पूर्ण झालेल्या टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. रवानगीनंतरच्या आठवड्यांचे अंक काढायचे आणि बोटींच्या याद्यांवर बोट ठेवून खाली खाली यायचं. त्याच पानांवर मोटार एजन्सींच्या जाहिराती भेटतात, पत्त्यासकट. गाडी संस्थानाची असेल तर मात्र काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात सरकारी पत्रव्यवहार चाळावा लागतो.

(दृश्य: मटण स्ट्रीट. पितळी दिवे, नावाच्या पट्ट्या.)

चोरबाजारात कॅमेरा आपोआप रेंगाळतो. हे लुकास कंपनीचे पी-100 दिवे, गाडीच्या पुढे लावायचे, परातीएवढे. ही कोचबिल्डरच्या नावाची पट्टी, दाराच्या उंबरठ्यावर बसवतात ती. पट्टी सुटी विकत मिळते, म्हणूनच ती पुरावा धरता येत नाही. लाकडात ठोकलेला बॉडी नंबर, चेसिसवरचा आकडा आणि कार्ड, या तिन्हींचा मेळ बसला तर बोलावं. नंबरप्लेटवरही विसंबू नये. बीएमएक्स, बीएमवाय हे मुंबईचे नंबर जुने दिसतात खरे, पण ते त्या वेळच्या नोंदणीचे, गाडीच्या जन्माचे नव्हेत. एमएच तर 1989 पासूनचं.

ज्यांचा माग पक्का लागलेला आहे, अशा गाड्या पाहिल्या की या कामाचं मोल कळतं. 1908 साली रोल्स-रॉईसच्या एका सिल्व्हर घोस्ट गाडीनं मुंबई–कोल्हापूर चाचणी जिंकली, घाटांमागून घाट चढत सुमारे 620 मैल. पर्ल ऑफ द ईस्ट हे तिचं नाव, आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी 1936 साली गर्नी नटिंग या कोचबिल्डरनं ड्युझेनबर्ग या अमेरिकन गाडीवर बॉडी बांधली, रंग केशरी आणि काळा. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची 1934 ची रोल्स-रॉईस फँटम टू, स्टार ऑफ इंडिया नावाची, परदेशी गेली आणि 2010 च्या लिलावातून त्याच घराण्यात परतली. अशा गाड्यांना राजाचं नाव शोभतं, कारण ते नोंदीनं सिद्ध झालेलं आहे.

खोट्या नावानं किंमत फुगते, विकत घेणारा फसतो, प्रकरणं कोर्टात जातात.

(दृश्य: मालक गाडीशेजारी ठेवायची माहितीची नवी पाटी रंगवून घेताना.)

केंद्र सरकारनं 2021 साली 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नवे नियम आणले. नव्या नोंदणीला व्हीए अक्षरांचा नंबर, शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. चांगली सोय झाली. तिच्याबरोबर प्रत्येक गाडीशेजारी तिची मूळ नोंदही मांडली जावी, असं आमचं क्लबांना आणि मालकांना आग्रहाचं सांगणं आहे. या मालकांनी सुरुवात केली आहे. त्यांच्या पाटीवर आता संस्थानाचा उल्लेख नाही. चेसिसचं साल आहे, थ्रप अँड मेबर्लीची मूळ सलून असं लिहिलं आहे, त्याखाली "सध्याची बॉडी: भारतीय कारागीर". व्यापाऱ्याचं नाव त्याच्या वंशजांना विचारून मग लिहायचं ठरलं आहे.

इंग्लंडच्या बाजूचे कागद सांभाळले गेले. मुंबईच्या बाजूचे घराघरांत विखुरलेत, आणि जुन्या इमारती पाडल्या जाताना ते रद्दीत जातात. एजन्सीची पावती, विम्याचा कागद, युद्धकाळातलं पेट्रोलचं रेशनकार्ड, ड्रायव्हरच्या पगाराची वही, पोर्चमध्ये गाडीपुढे काढलेला फोटो. यातलं काही तुमच्या माळ्यावर असेल तर आधी दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो काढा. फोटोत नंबरप्लेट दिसत असेल तर ती मोठी करून पाहा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून माणसांची नावं मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवा.