इओसिनोफिल किती?

श्रोतेहो, नमस्कार. परवा ओपीडीत एक मावशी आल्या. निम्मं आयुष्य चुलीच्या धुरात गेलेलं, आता चार पायऱ्या चढल्या की धाप. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी रक्ताचे रिपोर्ट काढले, घड्या घालून घालून मऊ पडलेले. म्हणाल्या, "डॉक्टर, इओसिनोफिल 4 टक्के. म्हणजे नॉर्मलच ना?"

इओसिनोफिल ही रक्तातल्या पांढऱ्या पेशींचीच एक जात. तिच्या टक्क्यांवर जाऊ नका. पांढऱ्या पेशी 5,000 असतील तर 4 टक्के म्हणजे 200. 11,000 असतील तर 440. आम्ही बघतो तो हा आकडा. मावशींच्या पेशी होत्या 8,000, म्हणजे 320.

इओसिन नावाच्या रंगाने ही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली केशरी-गुलाबी दिसते. पॉल एर्लिख यांनी 1879 मध्ये तिला त्यावरूनच नाव दिलं. श्वासनळ्यांना सूज आणणाऱ्यांत ही एक, पण ती स्टिरॉइडचं ऐकते. म्हणून सीओपीडीच्या, म्हणजे धुराने वगैरे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या पेशंटचा त्रास औषधं घेऊनही वारंवार उसळत असेल आणि आकडा 300 च्या वर असेल, तर पंपात स्टिरॉइड घालण्यात अर्थ असतो. 100 च्या आत असेल तर फायदा नावापुरता, न्यूमोनियाची भीती मात्र वाढते. मधल्यांचा निर्णय पेशंट बघून.

आणि 3,000 च्या पुढे गेला तर? रात्री खोकल्याने झोप नाही, गाव हत्तीरोगाच्या पट्ट्यातलं, तर आधी ट्रॉपिकल इओसिनोफिलिया, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणारा फुप्फुसाचा आजार, आठवायचा. त्याला दमा समजून नुसते पंप देत बसण्यात हशील नाही. हत्तीरोगाचीच गोळी, डीईसी, तिथे काम करते. साधे जंतही आकडा वाढवतात, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

मावशींच्या गठ्ठ्यात मागच्या पावसाळ्यातला एक रिपोर्ट होता. इओसिनोफिल: शून्य! विचारलं, तेव्हा दम लागून ॲडमिट होतात का? होत्या, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. त्या गोळ्यांनी या पेशी रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. तो शून्य गोळ्यांचा, आजाराचा नव्हे. शिवाय हा आकडा दिवसातही हलतो, सकाळी कमी, रात्री जास्त. एका कागदावर आम्ही विसंबत नाही ते म्हणूनच.

मी म्हटलं, "मावशी, प्रत्येक रिपोर्टवर लिहून ठेवा, किती वाजता रक्त दिलं, कुठली गोळी चालू होती."

त्यांनी पेन माझ्याच हातात दिलं. "तुम्हीच लिहा. चष्मा घरी राहिलाय."