प्रश्न कापलेलं उत्तर

तुमच्यापैकी काहींच्या फोनमध्ये तो स्टिकर असेल. डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं, कॅमेऱ्याकडे बघत ओठ दाबून हसणारे एक शेतकरी, आणि खाली ‘सोमवारी सकाळी मी’. तो बाईट, म्हणजे बातमीसाठी टिपलेलं बोलणं, मी घेतलेला आहे. लासलगावला, कांद्याच्या लिलावाच्या दिवशी. तेव्हा मी एका वाहिनीचा कॅमेरा सांभाळायचो.

विचारलं होतं, ‘काका, काय भाव लागला?’ काकांनी हातातली विक्रीच्या हिशेबाची पट्टी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. परत काढून वाचली. मग माझ्याकडे बघून ओठ दाबले, हसल्यासारखं केलं. दोनच सेकंद. त्यानंतर म्हणाले, ‘ट्रॉलीचं भाडंबी नाही निघायचं.’ बातमीत ते वाक्य गेलं. मीममध्ये ती दोन सेकंदं गेली.

मीम करणारा पोरगा पहिल्यांदा प्रश्न उडवतो, मग आवाज. बोलणं विषयाला बांधलेलं असतं, कांदा म्हटलं की कांदाच. चेहरा मात्र मोकळा सुटतो. त्याच्याखाली परीक्षा लिहा, पगार लिहा, सासरवाडी लिहा, बसतं. आणि नटाचा चेहरा तितका चालत नाही, कारण तो आधीच काहीतरी ‘दाखवत’ असतो. शब्द शोधणारा साधा माणूस काहीच दाखवत नसतो.

ही गंमत इंटरनेटची नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सूपची वाटी, कधी शवपेटी जोडली. प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांच्या काळातली ही गोष्ट! आज सूपच्या वाटीच्या जागी कॅप्शन आलं, एवढंच.

शब्दही गाजतात म्हणा. २०२२ साली ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ घरोघरी गेलं. पण ते तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटलांचं फोनवरचं बोलणं होतं, चेहरा नव्हताच. सांगोल्याकडच्या त्या हेलावर ते चाललं. त्याला हसताना कुणाचं काही गेलं नाही. २०१० मध्ये अमेरिकेत, अलाबामातल्या हंट्सव्हिलला, अँटवान डॉडसन टीव्हीवर संतापून बोलला. घरात घुसलेल्या माणसाने बहिणीवर हल्ला केला होता. त्या बोलण्याला चाल लागली आणि गाणं थेट बिलबोर्डच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पोचलं. डॉडसनला त्यातून पैसे मिळाले, हेही सांगायला हवं. तरी गुणगुणणाऱ्या किती जणांना ती बहीण आठवत असेल?

मी कुणाला बोलायला मोकळा नाही. काकांचा स्टिकर मीसुद्धा घरच्या ग्रुपवर टाकलाय, दोनदा.

पुढे वर्षभराने काका निफाडच्या स्टँडवर भेटले. रागावले नव्हते. स्टिकर त्यांना जावयानेच पाठवला होता. एवढंच विचारलं, ‘भाऊ, मी पुढं भाड्याचं बोललो होतो, ते सगळं आहे का तुमच्याकडं? नातवाला दाखवायचंय.’

नव्हतं. कार्डात जागा नव्हती म्हणून मीच डिलीट केलं होतं.