नकाशावरचे बारा गड

(पडद्यावर: सह्याद्रीचा कोरा नकाशा. एकेक ठिपका उमटतो.)

महाराष्ट्रातले किल्ले एका नकाशावर मांडायचे. हौशी प्रोग्रॅमरला दोन सुट्यांचं काम. साहित्य सगळं फुकट मिळतं: माहितीसाठी विकिडेटा हे विकिपीडियाचं भावंड असलेलं खुलं माहिती-भांडार, जमिनीसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून रेखाटलेला खुला नकाशा आणि ब्राउझरमध्ये नकाशा दाखवायला लीफलेट ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. पण तो नकाशा खरा आहे हे कशावरून ठरवायचं? खरं काम तिथे आहे.

विकिडेटा २०१२ पासून सुरू आहे. तिथे परिच्छेद नसतात, तीन तुकड्यांची विधानं असतात. ‘रायगड – प्रकार – किल्ला’ हे असं एक विधान. प्रत्येक गोष्टीला क्यूने सुरू होणारा क्रमांक असतो, प्रत्येक नात्याला पीने सुरू होणारा. महाराष्ट्र म्हणजे क्यू ११९१. ‘कोणत्या प्रकारचं’ हे पी ३१, ‘कोणत्या प्रशासकीय हद्दीत’ हे पी १३१ आणि अक्षांश-रेखांश पी ६२५. हे सगळं विचारायची भाषा म्हणजे स्पार्कल.

पहिली क्वेरी, म्हणजे स्पार्कलमध्ये विचारलेला प्रश्न, बहुतेकांची सारखीच असते: प्रकार किल्ला, हद्द महाराष्ट्र. उत्तरात बरेच किल्ले येतच नाहीत, कारण गडाच्या पानावर हद्द म्हणून सहसा तालुका किंवा जिल्हा लिहिलेला असतो, राज्य नव्हे. म्हणून पी १३१ च्या पुढे तारांकन द्यायचं. मग तालुक्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून राज्य अशी साखळी चढली जाते. प्रकाराचंही तसंच. कोणी ‘किल्ला’ लिहिलेलं असतं, कोणी ‘तटबंदी’, कोणी ‘डोंगरी किल्ला’. तिथे उपप्रकाराची साखळी, म्हणजे पी २७९, तारांकनासह जोडायची.

आता दोन साखळ्या झाल्या आणि क्वेरी अडकते. सार्वजनिक सर्व्हरवर ६० सेकंदांची मर्यादा आहे. त्यात उत्तर आलं नाही तर काम तिथेच थांबवलं जातं. उपाय सोपा आहे. आधी नकाशावर चौकट घालायची: नैर्ऋत्य कोपरा १५.५ उत्तर, ७२.५ पूर्व आणि ईशान्य कोपरा २२.२ उत्तर, ८१ पूर्व. त्या चौकटीत जे सापडेल तेवढ्यालाच साखळ्या लावायच्या.

(पडद्यावर: बारा नावांची यादी.)

ही यादी हाताशी ठेवा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेले मराठ्यांचे बारा किल्ले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी. हीच आपली चाचणी. आपल्या क्वेरीत यातले अकरा यायला हवेत. बारा आले तरी काहीतरी चुकलंय, कारण जिंजी तमिळनाडूत आहे. अकराहून कमी आले तर जो गळला त्याचं पान उघडून बघायचं. प्रकार लिहिलेला नाही, की हद्दीची साखळी मध्येच तुटली आहे, की अक्षांश-रेखांशाचा बिंदूच नाही? कारण सहसा या तिघांतच सापडतं. फोटोची अट ‘ऑप्शनल’मध्ये, म्हणजे ‘असेल तर दे’ अशी, घातली नसेल तर फोटो नसलेले गडही मुकाट्याने गायब होतात.

उलटही होतं. एकच गड सहा वेळा दिसतो. त्याचे दोन प्रकार आणि तीन फोटो असतील तर दोन गुणिले तीन, सहा ओळी. सारख्या ओळी गाळणाऱ्या ‘डिस्टिंक्ट’ने हे सुटत नाही, कारण प्रत्येक ओळ खरोखरच वेगळी असते. गडानुसार ‘ग्रुप बाय’ करायचं, म्हणजे एका गडाच्या ओळी एकत्र होतात, आणि फोटोला ‘सॅम्पल’ लावायचं, म्हणजे त्यातला एकच फोटो येतो.

(पडद्यावर: नकाशा दूर सरकतो. युरोप. त्याच्याही उत्तरेचा समुद्र.)

हा ठिपका रायगडाचा आहे! नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार बेटांच्या वाटेवर, थंडगार समुद्रात. विकिडेटा बिंदू देताना आधी रेखांश देतो, मग अक्षांश. लीफलेटचा मार्कर, म्हणजे नकाशावरचा ठिपका, आधी अक्षांश मागतो. अदलाबदल राहून गेली की १८ उत्तर, ७३ पूर्व याचं ७३ उत्तर, १८ पूर्व होतं. नकाशाची माहिती साठवणारी जिओजेसन फाइल लीफलेटच्याच जिओजेसन थरात दिली तर ही अदलाबदल तो स्वतः करतो. तिथे हाताने पुन्हा करू नका.

एक चूक याहून फसवी आहे. रायगडाचा अक्षांश १८ अंश १४ मिनिटं. तो कोणी १८.१४ असा भरला तर गड दहा किलोमीटर दक्षिणेला सरकतो. ठिपका डोंगराळ भागातच पडतो, म्हणून शंकाही येत नाही. १४ भागिले ६० करून १८.२३३३ लिहायला हवं. चार दशांश स्थळं ठेवा. दोनच ठेवली तर एक पायरी साधारण १.१ किलोमीटरची होते आणि खांदेरी समुद्रात जाऊ शकते.

आता ओपनस्ट्रीटमॅप. तिथला डेटा ओव्हरपास या सेवेतून काढतात. ‘हिस्टॉरिक’ या टॅगला, म्हणजे गडाला लावलेल्या चिठ्ठीला, कुठे ‘फोर्ट’ असतं, कुठे ‘कॅसल’. दोन्ही मागा. आणि फक्त नोड, म्हणजे सुटे बिंदू, मागू नका. कोणीतरी कष्टाने तटबंदीची रेघ काढलेला गड ‘वे’ (रेघ) किंवा ‘रिलेशन’ (अनेक रेघांचा गट) असतो, म्हणजे नेमके उत्तम रेखाटलेले गड तुमच्या यादीतून निसटतात. तिन्ही मागून शेवटी ‘आउट सेंटर’ लिहिलं की प्रत्येकाचा मध्यबिंदू मिळतो.

दोन्ही याद्या नावाने जुळवण्याचा मोह टाळलेला बरा. तोरणा आणि प्रचंडगड एकच. रायगड हा गडही आहे आणि जिल्हाही. शिवाय ‘कऱ्हाड’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. पडद्यावर फरक दिसत नाही, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे समान अक्षरं एकरूप करण्याची पद्धत, तीही त्यांना एक करत नाही. जवळचा ठिपका म्हणून जुळवावं, तर पुरंदर आणि वज्रगड एकाच डोंगरावर. भरवशाचा दुवा एकच: ओपनस्ट्रीटमॅपवरच्या गडाला लावलेला ‘विकिडेटा’ टॅग, त्यात लिहिलेला क्यू क्रमांक. तो जिथे नाही तिथे माणसाने बघून जुळवायचं आणि टॅग मूळ नकाशातच भरायचा, म्हणजे पुढच्याचं काम वाचतं.

(पडद्यावर: फोनवर अक्षांश-रेखांश. मागे बुरूज.)

बिंदू मात्र इकडून तिकडे उचलायचे नाहीत. विकिडेटा सर्व हक्क सोडून देतो, ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना श्रेय मागतो आणि त्यावरून तयार केलेला डेटाबेस वाटायचा तर तोही त्याच परवान्याखाली वाटायला लावतो. म्हणून तिथला बिंदू विकिडेटात टाकता येत नाही. गडावर उभं राहून स्वतःच्या फोनच्या जीपीएसवर घेतलेला बिंदू दोन्हीकडे देता येतो.