पाच वाजताची भूक

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. दप्तरातून काढलेला स्टीलचा डबा.)

पोळीचा एक तुकडा तोडलेला, भाजी जशीच्या तशी. नववीतल्या या मुलीने सकाळीही 'उशीर होतोय' म्हणत दूध तसंच ठेवलं. मग शाळा, मग क्लास. आता संध्याकाळचे पाच वाजलेत आणि क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा उभ्या उभ्या संपलाय. रिकामा कागद दप्तराच्या आतल्या कप्प्यात लपवलाय.

घरचे म्हणतात, हिचा जिभेवर ताबाच नाही. खरं तर ताबा सकाळपासून चालूच आहे. बारीक व्हायचं म्हणून दिवसभर पोट मारलं, की संध्याकाळी शरीर चटकन ताकद देणारं काहीतरी मागतं आणि हात गोडाकडेच जातो. त्यात रात्री उशिरापर्यंत मोबाइल. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक आणखी खवळते.

(दृश्य: लग्नाचा हॉल, पंगत.)

हे बारीक होण्याचं खूळ आलं कुठून? इन्स्टाग्राम आहेच. पण त्याच्याही आधी मावशी आहे. "काय गं, केवढी सुटलीस!" असं चारचौघांत म्हणायचं आणि लगेच आग्रहाने दुसरी जिलबी वाढायची. मुलगी हसते, जिलबी खाते आणि घरी आल्यावर आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते. वयात येताना मुलींच्या कमरेवर, मांड्यांवर चरबी वाढणं हा वाढीचाच भाग. पाळी नियमित राहायलाही ती लागते. हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मुलगेही यातून सुटलेले नाहीत बरं का. त्यांना 'हडकुळ्या' म्हणून चिडवतात, मग ते प्रोटीन पावडरच्या मागे लागतात.

(दृश्य: शाळेच्या भिंतीवरचा फलक.)

2025 मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर आहे ते दाखवणारे फलक, लावायला सांगितलं. कल्पना चांगली. 250 मिली कोलात साधारण 26 ग्रॅम साखर, म्हणजे सहाहून जास्त सपाट चमचे, हे मुलांना दिसायलाच हवं. पण जी आधीच घास मोजतेय, तिच्यासाठी हाच फलक आणखी एक छडी होऊ शकतो. तेव्हा बोलायचं ते बाटलीबद्दल. मुलीच्या अंगाबद्दल एक शब्द नको.

(दृश्य: पुन्हा स्वयंपाकघर. तव्यावर थालीपीठ.)

कपाटाला कुलूप घातलं तर पुडा दप्तरात जाणारच. त्यापेक्षा क्लासच्या आधी पोटभरीचं काहीतरी द्या: थालीपीठ-दही, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं. लाडू केले असतील तर तेही सगळ्यांच्या बरोबरीने, ताटातच. 'आज गोड खाल्लंस ना, मग रात्री जेवू नकोस' हा हिशेब कायमचा बंद. आणि आईनेही मुलीसमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नयेत. आमच्या मते हेच सगळ्यांत अवघड.

मुलगी जेवणं सतत टाळतेय, जेवल्या जेवल्या बाथरूम गाठतेय, वजन झपाट्याने उतरतंय, चक्कर येतेय किंवा पाळी थांबलीय, असं दिसलं तर मात्र वाट पाहू नका. डॉक्टरांकडे न्या. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दवाखान्यात जाण्याआधी तिला विचारा, डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय का. 'हो' म्हणाली, तर तुम्ही बाहेर बसा.